पाण्याचा वाटा

हल शहर, जानेवारी, पहाटेचे तीन.
छोटं यंत्र विकत घ्यावं की नाही हे ठरवायला
चाळीस नमुने, प्रत्येक दोनदा:
एकदा मोठ्या यंत्रावर, जे रक्तद्रव आधी पातळ करतं
आणि मग विचारतं, सोडियम किती?
एकदा या टेबलावरच्या पेटीत,
जी काही मिसळत नाही, सरळ विचारते.

एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस.
एकशे एक्केचाळीस, एकशे एक्केचाळीस.
दोन शेजारणींच्या भिंतींवरची घड्याळं,
मिनिटभर मागेपुढे, भांडण नाही.
सतराव्यात पोटॅशियम भलतंच चढलेलं, पण दोन्हीकडे;
नळी लालसर, पेशी फुटलेल्या,
कुणीतरी घाईत ओढलं असणार रक्त.

एकतिसावा.
कमी सोडियमचे नमुने सहज मिळत नाहीत,
म्हणून हा आज रात्रीचाच उचलला होता.
एकशे चोवीस.
एकशे सदतीस.
पुन्हा लावला.
एकशे चोवीस. एकशे सदतीस.
नळी दिव्यासमोर धरली तर
निरशा दुधासारखी. साय धरेल असं वाटावं.

ब्रेंडा ऑक्सटोबी असती तर म्हणाली असती, "तिसऱ्याला विचार."
तिसरा म्हणजे कोठारातला ज्योतीचा मापक,
जो निवृत्त होतानाही तिने भंगारात जाऊ दिला नाही.
मी शिकाऊ असताना तिने एकदा पेटवून दाखवला होता:
एक फवारा, आणि निळी ज्योत
जुन्या रस्त्यांवरच्या दिव्यांसारखी पिवळी.
मग पोटॅशियमचा रंग, फिकट जांभळा,
दिसला म्हणेपर्यंत गेला.
"माझा बाप गोदीवर माशांना मीठ लावायचा," ती म्हणाली,
"त्याला बोटांनी कळायचं. मला हे लागलं."

पण ब्रेंडा, ज्योतीलाही पातळ करूनच द्यायचीस ना तू?
तीही एकशे चोवीसच म्हणाली असती,
आणि मी मान डोलावली असती, दोघांचं जुळतंय म्हणून.
दोन साक्षीदार, एकाच खिडकीत उभे.

मीठ पाण्यात असतं. चरबीत नसतं.
मोठं यंत्र धरून चालतं
की शंभरातले त्र्याण्णव भाग पाणीच असणार.
बहुतेकांचं तसंच असतं, म्हणून बहुतेक रात्री ते खरं बोलतं.
या माणसात चरबीने जागा अडवली आहे.
पाण्याचा वाटा कमी,
आणि आहे तेवढं पाणी व्यवस्थित खारट.

आमच्याकडे पाककृतीत लिहितात, मीठ चवीपुरतं.
किती पाण्याला, ते कुणी लिहीत नाही.

मग आठवलं:
दीड तासापूर्वी तो आकडा वॉर्डात मीच पाठवला.
पडद्यावर शेरा होता, "नमुना गढूळ."
एक बटण दाबलं की शेरा जातो.
मी दाबलं होतं.

फोन. चौथ्या घंटेला डॉक्टर एझेकवे.
"हो, बाटली आलीय, तीव्र सलाइन. लावतोच आहे."
"लावू नका."
"पण एकशे चोवीस—"
"माझा आकडा बरोबर होता. प्रश्न चुकला होता."
(हे कुणाला कळतं पहाटे?)
"म्हणजे किती?"
"एकशे सदतीस. थेट मोजलेलं. चरबी तपासायला वेगळं रक्त पाठवा."
त्याने आकडा परत म्हणून दाखवला, नियमाप्रमाणे.
मी वेळ लिहिली: तीन सत्तेचाळीस.
हात धुतले. धुवायचं कारण नव्हतं.

सहा वाजता आलेख तयार.
एकोणचाळीस ठिपके रेषेला बिलगून,
एक खाली, एकटा, कागदावरच्या माशीसारखा.
संगणक विचारतो: हा बिंदू वगळायचा?
वगळला तर दोन्ही पद्धती समान, अहवाल दोन ओळींचा,
आणि नऊच्या बैठकीत कुणी काही विचारणार नाही.

बाहेर हंबरवरून वारा, खिडकीच्या फटीत करकर.
मी "नाही" दाबते.
कारणाच्या रकान्यात
सुरुवातीला माझं नाव लिहिते,
मग खोडते, मग पुन्हा लिहिते.